आयोडीन विसरलेली गाठ

वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड आणि आता पुरती बहिरी झालेली अशी मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. नगरमधल्या एका रुग्णालयाच्या भांडारघरात गंजलेल्या सलाइन स्टँडच्या मागे एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात मी पडून असते. कागदोपत्री माझे नाव गॅमा प्रोब. पण ऑपरेशन थिएटरमध्ये त्या नावाने मला कोणी कधी बोलावले नाही. "नळी आणा," एवढेच म्हणत. मलाही तेच नाव आवडते.

माझा जन्म १९९७ साली नागापूरच्या एमआयडीसीत झाला. तिथे प्रवीणशेठ नावाच्या इंजिनिअरचे छोटे वर्कशॉप होते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. प्रशांत भिंगारदिवे त्यांचे शाळासोबती. डॉक्टर मुंबईला शिकून नगरला परत आले होते. परदेशातले सर्जन माझ्यासारखी नळी हातात धरून रोगाच्या गाठी शोधतात, हे त्यांनी मासिकात वाचले आणि ते थेट वर्कशॉपमध्ये येऊन बसले. "परदेशी मशीन आपल्याला झेपणार नाही, प्रवीण. तूच बनव," असे म्हणाले. माझ्या टोकाशी बसवायचा स्फटिक मुंबईहून आला. आवाज करणारे खोके प्रवीणशेठनी स्वतः जोडले. आणि माझे पोलादी अंग लेथवर कातले ते छगनने.

छगन भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. धरणाच्या पाण्याकाठी भात आणि नाचणी करणारे त्याचे घर. तो मात्र नोकरीसाठी नागापुरात खोली घेऊन राहिला होता. मला कातून झाल्यावर त्याने आत शिशाचे जाड अस्तर बसवले आणि डॉक्टरांना विचारले, "सायेब, ही घालायची कुटं?"

"माणसाच्या गळ्यात. कापल्यावर."

छगनचा चेहरा उतरला. त्याने मला पुन्हा मशीनवर चढवले आणि माझ्या टोकाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासत राहिला. घासता घासताच म्हणाला, "माज्या आयच्या गळ्याला गाठ हाय. मला कळतंय तवापास्नं. आमच्या डोंगरात लई बायांना हाय. तिची एकदा कापली बी व्हती, पर पुना आली."

डॉक्टर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "कापलेली गाठ तपासायला पाठवली होती?"

"न्हाई. टाकून दिली म्हनं."

"आईला घेऊन ये," डॉक्टर म्हणाले. "सणाची वाट बघू नकोस. याच आठवड्यात आण."

अशा रीतीने, मी पुरी तयार होण्याआधीच, जिच्यामुळे मला माझे काम खऱ्या अर्थाने कळले त्या बाईला बोलावणे गेले.

माझे काम काय, ते आधी सांगते. आपल्या गळ्यात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉइड म्हणतात. तिला आयोडीन लागते. रक्तातून जाणारे आयोडीन ती ओढून घेते. इतक्या अधाशीपणे शरीरातले दुसरे कोणी ते घेत नाही. या ग्रंथीला कर्करोग झाला आणि त्याच्या पेशी आजूबाजूला पसरल्या, तरी बहुतेक वेळा त्यांची ही मूळची भूक जात नाही. म्हणून डॉक्टर रोग्याला किरणोत्सारी आयोडीन पाजतात. रोगाच्या पेशी ते गिळतात आणि जिथे लपल्या असतील तिथून किरण सोडू लागतात. ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण मला ते समजत. किरण माझ्या स्फटिकावर पडला की खोक्यातून 'टिक' असा आवाज येई. गाठीजवळ जावे तशी टिकटिक वाढे, आणि टोक नेमके गाठीवर आले की ताशा कडकडावा तसा आवाज होई. रोग दिसतो कसा यावरून नव्हे, तर तो खातो काय यावरून त्याला पकडायचे, असे ते काम होते.

छगनची आई रंगुबाई आली ती एसटीने, छगनचा हात न धरता. उंच, काटक, पन्नाशीच्या आसपासची बाई. तिचा आवाज मात्र विलक्षण होता. वॉर्डात ती साधे बोलली तरी टोकाच्या खाटेवरचे रोगी वळून बघत. वाडीच्या समोर खोल दरी होती. पलीकडच्या वस्तीवरच्या बायांना भाताच्या आवणीला, म्हणजे रोपे लावायला, बोलवायचे तर उतरून चढून जाण्यात अर्धा दिवस मोडे. रंगुबाई कड्यावर उभी राहून हाक देई आणि पलीकडून बाया निघत. दोन्ही बाजूंची आवणी तिच्या हाकेवर चाले.

तपासणीत कर्करोगच निघाला. मग तिला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे काढलेल्या फिल्मवर तिच्या गळ्यात काळे ठिपके उमटले होते. रोगाने आयोडीन खाल्ल्याची ती खूण. तिथेच तिला किरणोत्सारी आयोडीनचा मोठा डोस पाजला आणि किरण थोडे ओसरेपर्यंत एकटीला खोलीत ठेवले. थोडे दिवस छगनच्या खोलीवर काढून ती आमच्याकडे शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. पुण्याची हकिगत तिने रतन सिस्टरला सांगितली ती मी ऐकली. रतन सिस्टर आमच्या थिएटरची मुख्य परिचारिका; मला पुसून-जपून ठेवण्याचे काम तिचेच.

"जेवनाचं ताट तिथली मान्सं दारातनं आत सारायची," रंगुबाई म्हणाली. "मी काय वाघीन हाय व्हय?"

सिस्टर हसली. पण रंगुबाई हसली नाही.

"त्याचं काय न्हाई वाटलं. पर छगनच्या खोलीवर नात हाय, अश्विनी. लहान लेकराला जवळ घ्यायचं न्हाई म्हनून सांगितलेलं. ती आज्जी आज्जी करत पळत यायची आन मी तिच्यावर खेकसायचे. लांब व्हय, लांब व्हय म्हनून. लई रडली. आता मी हाक मारली तरी येत न्हाई. भिती ती मला."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टर तिच्याजवळ बसले. त्यांनी मला तिच्या हातात दिले, माझे काम समजावून सांगितले, आणि मग सांगायलाच हवे होते ते सांगितले. आवाजाची नस त्या गाठींच्या शेजारून जाते. ती दुखावली तर आवाज कायमचा बसू शकतो.

रंगुबाईने मला उलटेसुलटे करून पाहिले. "मंग मला ईचारल्याबिगर ती नस तोडू नका."

"तुम्ही भुलीत असाल, मावशी."

"मंग उठवा."

वॉर्डातल्या सगळ्या बाया हसल्या. डॉक्टरही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निर्जंतुक पिशवीत घालून टेबलावर ठेवले. खोक्याजवळ प्रवीणशेठ उभे होते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या व्रणाने रंगुबाईचा गळा आतून चिवट झालेला होता. सगळे एकमेकांना चिकटलेले. कुठले मांस, कुठली गाठ, काही उमगत नव्हते. डॉक्टरांनी बोटांनी चाचपून पाहिले आणि मान हलवली. "नळी द्या."

मी गळ्यात उतरले. आधी नुसती कुजबुज होती. मग डाव्या बाजूला, व्रणाच्या खाली, टिकटिक वाढली. डॉक्टरांनी टोक तसूभर सरकवले आणि खोके कडाडले. तिथे कापले तर मसुरीएवढी गाठ. बोटाला ती कधीच लागली नसती. तशीच दुसरी मानेच्या मोठ्या शिरेमागे मिळाली, आणि तिसरी त्याहून खोल. प्रत्येक गाठ काढून वाटीत ठेवल्यावर डॉक्टर मला तिच्यावर धरत, आणि मी तिच्यावरही वाजे. खात्री पटे. प्रवीणशेठचे डोळे भरून आले होते.

शेवटची गाठ निघाल्यावर डॉक्टरांनी मला साऱ्या गळ्यावरून फिरवले. मी गप्प होते. अंगात उरलेल्या आयोडीनची साधी कुजबुज, एवढेच.

"झालं, सर," रतन सिस्टर म्हणाली. "शांत झालं सगळं."

टाके घालायची सुई पुढे आली होती. डॉक्टरांनी ती घेण्याआधी सवयीने एक बोट श्वासनलिकेच्या कडेने फिरवले. बोट थांबले. पुन्हा मागे गेले.

तिथे काहीतरी कडक होते. सुकलेल्या हिरड्याच्या फळासारखे, खरबरीत, श्वासनलिकेला आणि आवाजाच्या नसेला विळखा घालून बसलेले. डॉक्टरांनी मला त्यावर टेकवले. मी वाजले नाही. त्यांनी दाबून धरले, कोन बदलला. तरी नाही.

"प्रवीण, मशीन बघ."

प्रवीणशेठनी वायर तपासली, बटणे तपासली. मग म्हणाले, "वाटीतल्या गाठींवर धर." मी वाटीत कडाडले. पुन्हा गळ्यात आणले, पुन्हा गप्प. मशीन ठीक होते.

डॉक्टर हळूच म्हणाले, "ही आयोडीन विसरली."

मित्रांनो, हे मला तेव्हा कळले. ग्रंथीची भूक शिल्लक असलेला रोग वाईट खराच, पण त्याला शोधता येतो, आणि आयोडीनच पाजून मारताही येतो. काही पेशी मात्र बदलत बदलत इतक्या दूर जातात की ज्या ग्रंथीतून आल्या तिचे काहीच त्यांच्यात उरत नाही. त्या आयोडीन घेत नाहीत. फिल्मवर त्यांचा ठिपका उमटत नाही, मला त्या ऐकू येत नाहीत, आणि औषधही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. माझ्या साऱ्या आयुष्यात मी ज्या गाठींवर वाजले, त्यांतल्या बहुतेकांना उपाय होता. जिच्यावर मी गप्प राहिले, ती ही गाठ सर्वांत घातक होती.

डॉक्टर हातमोजे काढून दाराशी गेले. बाहेर छगन उभा होता. दार अर्धे उघडे राहिले, म्हणून मला ऐकू आले. डॉक्टरांनी सगळे सांगितले. नस तोडली तर गाठ जास्त निघेल, पण श्वासनलिकेवर थोडी उरेलच. आवाज मात्र नक्की जाईल. नस ठेवली तर गाठ जास्त उरेल.

छगनने ते ऐकून घेतले. मग म्हणाला, "सायेब, ती काय म्हनली व्हती?"

"छगन, ती भुलीत आहे. सही तुझी चालेल."

"माजी सही चालंल, पर गळा तिचा हाय. तुमाला सांगून ठिवलंय तिनं. आज तोडू नका. उठली म्हंजे ईचारा."

डॉक्टर परत आले. नसेला धक्का न लावता जेवढी गाठ खरवडता आली तेवढी त्यांनी काढली आणि गळा शिवला.

रंगुबाई जरा बसती झाल्यावर डॉक्टर मला खिशात घालून वॉर्डात आले. प्रवीणशेठनी खोके आणले. पट्टीवरून डॉक्टरांनी मला तिच्या गळ्यावर धरले. खोक्यातून जेमतेम एखाददुसरा टिक आला.

"गप बसली की," रंगुबाई म्हणाली. आवाज घोगरा होता, पण तिचाच होता. "मंग बरं झालं म्हनायचं."

डॉक्टरांना 'हो' म्हणता आले असते. सारा वॉर्ड त्यांच्या तोंडाकडे बघत होता. छगनने मान खाली घातली.

"नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "जी गाठ बोलत होती, ती आम्ही काढली. एक राहिली आहे. ती बोलत नाही." आणि मग त्यांनी काही न लपवता सांगितले. बाहेरून किरणे देऊन तिला काही काळ दाबता येईल. पुन्हा कापायचे तर आवाज जाईल, गळ्याला श्वासासाठी भोक पाडावे लागेल, आणि तरीही ती पुरती जाईल असे नाही.

रंगुबाईने छताकडे पाहिले. "भुकेली व्हती तवर तिला वळखता आलं," ती म्हणाली. "आता तिला माज्याकडनं काय बी नगं. फकस्त जागा पायजे."

तिने गळ्यावरच्या पट्टीला हात लावला.

"आवाज ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "किरनं काय ती घेते. आवणीपतुर जगवा मला, डाक्टर. पल्याडच्या बायांना सांगून ठिवते, फुडच्या साली हाक कोन मारनार ते."

ती पुण्याला जाऊन किरणे घेऊन आली. गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी पडली, घास गिळवेना. तरी ती वाडीला गेली. पुढचे सगळे मला छगनच्या तोंडून कळले. आवणीच्या वेळी ती कड्यावर गेली. तिची हाक पूर्वीसारखी पोचत नव्हती. पलीकडे ऐकू जाईना तेव्हा तिने पुन्हा दिली, पुन्हा दिली, आणि शेवटी पलीकडून एक बाई खाचरातून वर आली. नंतर सगळ्या आल्या. त्या वर्षी आवणी झाली.

भात पोटरीला आला, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा गाठीने नस खाल्ली आणि आवाज गेलाच. त्यानंतर श्वास कोंडू लागला. छगन तिला नागापूरला आणायला गेला, पण तिने हातानेच नाही म्हटले. शेवटचे काही दिवस तिला आडवे होता येत नव्हते. उशाला टेकून बसलेली ती रात्रंदिवस श्वासाशी झगडत होती. अश्विनीला तिच्याजवळ नेले. आता जवळ घ्यायला कसलीच मनाई नव्हती. पण मुलगी आईच्या मागे लपली आणि आजीला हाक मारून बोलावता येईना. तशीच रंगुबाई गेली. मित्रांनो, यात गोड करून सांगण्यासारखे काही नाही.

दिवाळीनंतर छगन रुग्णालयात आला. डॉक्टरांना वाटले, तो रडायला आला असेल. पण त्याच्यामागे वाडीतल्या आणि दरीपलीकडच्या बायांची रांग होती. जवळच्या राजूर गावाहून एसटी धरून तो त्यांना घेऊन आला होता. कोणाच्या गळ्याला सुपारीएवढी गाठ, कोणाच्या लिंबाएवढी. "आयनं आवाज जायच्या आदी सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला. "माजी कापून टाकून दिली, तुमची टाकू दिऊ नका म्हनली."

बहुतेकींच्या गाठी साध्या निघाल्या. एकीची नाही. तिच्या शस्त्रक्रियेत मी वाजले, भरपूर वाजले, आणि ती बाई बरी झाली. वर्तमानपत्रात डॉक्टरांचा आणि माझा फोटो आला. पुढे मी आणखी काही गळ्यांत उतरले. पण मी गप्प झाले की डॉक्टर लगेच सुई घेत नसत. मला बाजूला ठेवून बोटाने सारा गळा पुन्हा तपासत. माझी स्तुती करणाऱ्यांना ते सांगत, "ही काय म्हणते ते ऐका. पण ही काही म्हणत नाही, तेव्हा जास्त काळजी घ्या."

पुढे डॉक्टर मुंबईला गेले. रतन सिस्टर निवृत्त झाली. नवीन माणसांना माझे खोके लावता येईना. एकदा कोणीतरी मला पुसले आणि टोकाचे झाकण न लावताच ठेवून दिले. माझ्या स्फटिकाला दमट हवा सोसत नाही. तो हळूहळू पिवळा पडला, आणि मला ऐकू येणे बंद झाले.

मित्रांनो, उपयोगी वस्तूचे झाकण लावायला एक क्षण पुरतो. ते लावत जा. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. आज घरी गेलात की आईला उजेडात बसवा. तिला घोटभर पाणी प्यायला द्या आणि ती गिळत असताना तिच्या गळ्याकडे नीट बघा. गळ्यात गाठ किंवा फुगवटा वर-खाली होताना दिसला, तर तिला दवाखान्यात घेऊन जा. ती म्हणेल, "मला काही होत नाही, कामं पडली आहेत." तरी घेऊन जा.